वायुगळती : बरे वाटले तरी सावध राहा

भोपाळ दुर्घटनेवरील ‘द रेल्वे मेन’ ही चार भागांची मालिका नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. ती पाहिलेले रुग्ण विचारतात, “डॉक्टर, नुसत्या श्वासाने माणूस इतक्या लवकर कसा दगावतो?” आपल्याकडची कितीतरी मुले रासायनिक कारखान्यांत पाळी करतात. म्हणून हे समजून घेऊ.

२ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीत पाणी शिरले आणि सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत वस्त्यांत पसरला. डोळे व श्वासनलिकेच्या ओलसर अस्तराला त्याने दाह होतो. फुफ्फुसातील हवेच्या बारीक पिशव्यांत द्रव पाझरतो आणि माणूस कोरड्या जमिनीवर बुडाल्यासारखा गुदमरतो. धावणाऱ्याचा श्वास खोल जातो, त्याबरोबर वायूही जास्त जातो. वाचलेल्यांपैकी अनेकांना दम व डोळ्यांचा त्रास कायमचा जडला.

पण प्रत्येक वायू असा तत्काळ कळत नाही. त्याच कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये एका कामगाराच्या अंगावर फॉस्जीन उडाले. घाबरून त्याने मुखवटा काढला आणि तो दगावला. फॉस्जीन पाण्यात फारसे विरघळत नाही. नाकाघशाला फार न झोंबता खोलवर जाते. माणूस चहा पिऊन घरी जातो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी भरते. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचेही तसेच.

माझ्याकडे येणारे कंत्राटी कामगार “सर्दी झालीय, इंजेक्शन द्या” एवढेच सांगतात. कारखान्याचे नाव काढले तर काम जाईल, ही त्यांची भीती मला समजते. पण वायूचे नाव कळले नाही, तर कोणाला दाखल करायचे आणि कोणाला घरी पाठवायचे, हे डॉक्टरने कसे ठरवावे?

म्हणून एवढे लक्षात ठेवा :

१) गळती झाल्यास वाऱ्याच्या दिशेला आडवे चालत दूर जा. मुखवटा नसेल तर नाकातोंडावर ओले फडके धरा.
२) अंगावरचे कपडे काढा. डोळे व अंग स्वच्छ पाण्याने निदान पंधरा मिनिटे धुवा.
३) बरे वाटले तरी श्रम करू नका. प्राणवायूची सोय असलेल्या रुग्णालयात जा. डॉक्टर सांगतील तितका वेळ देखरेखीखाली राहा.

आपण हाताळतो त्या रसायनांची नावे चिठ्ठीवर लिहून एक प्रत घरी ठेवा. वेळ आली तर घरच्यांनी ती डॉक्टरांना दाखवावी. त्यातला एक शब्दही उपचाराची दिशा बदलू शकतो.