दुभत्या गुरांची चराई : खुली की पाळीची ?

कुरणात गुरे चारण्याच्या मुख्य रीती दोन. एका रीतीत सारे कुरण गुरांना सदैव मोकळे असते. दुसरीत त्याचे तुकडे पाडून ते पाळीपाळीने चारतात. खुल्या चराईस कुंपणाचा खर्च नसतो व गुराखीही एकच पुरतो. परंतु गाय आवडीचे गवत आधी शोधते. मारवेलीचा कोवळा फुटवा ती पुनःपुन्हा खुडते; कुसळे धरलेल्या कुसळीस मात्र तोंड लावीत नाही. फुटव्यासाठी मारवेलीच्या बुडख्यातील अन्नसाठा खर्ची पडतो आणि तो भरून येण्यापूर्वीच पाने पुन्हा खाल्ली जातात. काही वर्षांत मारवेल विरळ होते व कुसळी माजते. असे कुरण लांबून हिरवे दिसते, एवढेच.

पाळीच्या चराईचे मर्म तुकड्यांत नसून गवताला मिळणाऱ्या विसाव्यात आहे. फ्रान्समधील नॉर्मंडीचे पशुपालक आंद्रे व्वाझँ यांनी १९५७ साली ग्रंथ लिहून हेच मांडले. त्यांच्या प्रदेशात वाढीच्या भरात सुमारे १८ दिवसांचा विसावा पुरे, तर वाढ मंदावल्यावर सुमारे ३६ दिवसांचा हवा, असे त्यांचे मत होते. म्हणजे पाळी पंचांग पाहून नव्हे, गवत पाहून फिरवावयाची.

तथापि तुकडे पाडले की दूध आपोआप वाढते, ही समजूत चुकीची होय. न्यूझीलंडमधील रुआकुरा संशोधन केंद्रात मॅकमीकन व वॉल्श यांनी जर्सी गाईंवर दोन्ही रीती ताडून पाहिल्या. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चराईच्या रीतीपेक्षा एकरी गाईंच्या संख्येचा परिणाम अधिक होता. गाई वाढविल्यावर दर गाईचे दूध घटले, पण एकरी उत्पादन वाढले; आणि अशा दाटीतच पाळीची रीत सरस ठरली. तेथे बारमाही गवत व द्विदल क्लोव्हर यांची मिश्र कुरणे असतात. दख्खनच्या माळावर गवताची वाढ मुख्यतः पावसाळ्यापुरती. म्हणून तेथील गाईंची संख्या येथे जशीच्या तशी धरता येणार नाही.

साडेतीनशे किलो वजनाच्या दुभत्या गाईस दररोज सुमारे ४० किलो हिरवे गवत लागते. कुरणात तेवढे उपलब्ध आहे किंवा नाही, हे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यासह थोड्या जागेतील गवत कापून व तोलून पाहावे. नव्या तुकड्यात प्रथम दुभत्या गाई सोडाव्यात. उरलेले गवत भाकड गुरे दुसऱ्या दिवशी खातील. दरवर्षी एक तुकडा मात्र बी गळेपर्यंत बंद ठेवावा, व पुढील वर्षी दुसरा.