प्रकाशकणांचे टपाल

नाशिक जिल्ह्यातील देवळा तालुक्यात कांद्याचे पीक मोठे. तेथील शेतकऱ्याच्या मालाचे पैसे आज मुंबईहून क्षणार्धात त्याच्या खात्यात जमा होऊ शकतात. वाटेत हा व्यवहार कोणी वाचू नये म्हणून त्याच्या मजकुरास गणिती कुलूप घातलेले असते. अशा कुलपांच्या एका प्रमुख प्रकाराची सारी भिस्त एका साध्या गोष्टीवर आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे. परंतु केवळ गुणाकार हाती देऊन त्याचे अवयव काढावयास सांगितले, तर आजची गणकयंत्रे हात टेकतात. १९९४ साली पीटर शोर या अमेरिकन गणितज्ञाने असे सिद्ध केले की, पुंजयांत्रिकीच्या नियमांनी चालणारे पुरेसे मोठे यंत्र निर्माण झाल्यास हे काम सुकर होईल. तेव्हापासून असे यंत्र बांधणे आणि त्यालाही दाद न देणारे दळणवळण उभारणे, या दोन्ही कामांना मोठे महत्त्व आले.

नेहमीच्या गणकयंत्रातील घटक एक तर शून्य दाखवितो किंवा एक. पुंजयंत्रातील घटकास क्युबिट म्हणतात. तो मोजमापापूर्वी शून्य आणि एक यांच्या संयुक्त अवस्थेत राहू शकतो. असे यंत्र सर्व उत्तरे एकाच वेळी तपासते, हा समज मात्र अपुरा आहे. मोजमाप करताच एकच उत्तर हाती येते. म्हणून चुकीच्या उत्तरांच्या लहरी परस्परांस मारतील आणि खऱ्या उत्तराच्या लहरी बळावतील, अशी मांडणी आधीच करावी लागते.

या विद्येचे एक केंद्र मुंबईत कुलाबा येथे आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. विजयराघवन यांच्या प्रयोगशाळेत अतिवाहक धातूच्या मंडलांपासून क्युबिट बनवितात. येथील संशोधकाचे काम कागदावरच्या गणितावर संपत नाही. मंडल आखणे, निर्वात पेटीत धातूचा अतिसूक्ष्म थर चढविणे, तारा जोडणे आणि मग ते शीतयंत्रात ठेवणे, हे सारे त्यास करावे लागते. आतील तपमान निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागाजवळ आणावे लागते. उष्णतेचा वा भटक्या लहरीचा यत्किंचित स्पर्श झाला तरी क्युबिटची अवस्था विसकटते. आतील एखादी जोडणी सदोष निघाली, तर सर्व यंत्र पुन्हा तापवून, दुरुस्त करून, पुन्हा थंड करणे भाग पडते. त्यात कित्येक दिवस जातात. शिवाय एका मोजमापाने शून्य वा एक एवढेच कळते. म्हणून तोच प्रयोग हजारो वेळा करून सरासरी काढावी लागते. चिकाटी हेच येथील पहिले उपकरण होय.

ऑगस्ट २०२४ मध्ये या संस्थेने आणि संरक्षण संशोधन संस्थेच्या पुण्यातील तरुण शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने सहा क्युबिटांच्या यंत्राची चाचणी पूर्ण केल्याचे जाहीर झाले. बँकेची कुलपे उघडण्याच्या मानाने हा आकडा फारच लहान. तथापि घडणीपासून मोजमापापर्यंतची साखळी देशात जुळली, हे त्याचे मोल.

आता दळणवळणाकडे वळू. १९८४ साली बंगळूर येथील परिषदेत चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी एक योजना मांडली. गुप्त किल्ली एकेका प्रकाशकणाच्या कंपनदिशेतून पाठवावयाची. मध्येच कोणी ती वाचू गेल्यास कणांची अवस्था बदलते आणि दोन्ही टोकांच्या माणसांस, थोडे आकडे ताडून पाहताच, चोरीचा सुगावा लागतो. येथे पहारेकरी निसर्गनियमच असतो.

अडचण अंतराची आहे. उत्तम काचतंतूतही दर ५० किलोमीटरांस प्रकाशाचा दहावा हिस्साच उरतो. देवळ्याहून मुंबई रस्त्याने २०० किलोमीटरांहून दूर. २०० किलोमीटरांच्या तंतूत दहा हजार कणांतून सरासरीने एकच पोचेल. तारायंत्राप्रमाणे वाटेत संदेश बळकट करून पुढे धाडावा, तर तेही शक्य नाही; कारण अज्ञात पुंज-अवस्थेची हुबेहूब नक्कल होऊच शकत नाही, हे १९८२ साली सिद्ध झाले. ज्या नियमाने चोरास अडविले, तोच टपाल्यासही अडवितो! म्हणून गुंफलेल्या प्रकाशकणांच्या आधारे टप्पेघरे उभारण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. भारतात फेब्रुवारी २०२२ मध्ये प्रयागराज ते विंध्याचल या शंभर किलोमीटरांहून अधिक अंतरावर, आधीच टाकलेल्या तंतूतून अशी किल्ली पाठविण्यात आली.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने ६,००३ कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या राष्ट्रीय पुंज-मोहिमेस संमती दिली. घाई कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर असे की, आज चोरून साठविलेला बंद मजकूर उद्याच्या यंत्राने उघडता येईल. म्हणून नवे कुलूप जुने फुटण्यापूर्वीच तयार हवे. कुलाब्याच्या शीतयंत्रापाशी रात्र जागविणारा संशोधक आणि देवळ्याच्या शेतकऱ्याचे खाते यांमधील नाते हे असे आहे. डोळ्यांस न दिसणारे, पण खरे.