रात्र काढावी ती खोल पाण्यात

मुंबईहून शिडाच्या नौकेने गोव्याला निघालेल्या चार मित्रांना वाटेत बहुधा दोन रात्री लागतात. दहाएक मीटरची नौका ताशी पाच-सहा सागरी मैल कापते. हिवाळ्यात दुपारनंतरचा वारा बहुतेकदा वायव्येचा, म्हणजे पाठीमागून येणारा. त्यामुळे प्रवास सोपा वाटतो आणि नेमकी तिथेच फसगत होते.

वारा 25 नॉटचा, म्हणजे ताशी 25 सागरी मैलांचा, आणि नौका त्याच दिशेने 7 नॉटने पळतेय, असं धरा. अंगाला वारा लागतो तो 18 नॉटचाच. पण शीड आवरायला नौका वाऱ्याच्या तोंडावर घेतली, की तोच 30च्या आसपास जातो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 18चे 30 झाले तर दाब पावणेतीन पट होतो. तो अंधारात, हेलकावणाऱ्या डेकवर अंगावर घ्यायचा नसेल, तर शीड उजेडातच लहान करावं. मोठं शीड थोडं उतरवून त्याचा खालचा भाग बूमला, म्हणजे तळाच्या आडव्या काठीला, बांधून टाकायचा. याला रीफ घेणं म्हणतात. वेग थोडा घटतो, पण सुकाणू हाताला हलकं लागतं. बूमलाही पुढच्या बाजूने दोर बांधून ठेवावा. मागच्या लाटेने नौका जराशी वळली, वारा शिडाच्या दुसऱ्या अंगाला शिरला, तर मोकळा बूम डोकं फोडू शकतो.

रात्री दोघांनी जागायचं, दोघांनी झोपायचं. पाळी तीन तासांची. सुकाणू मात्र अर्ध्या तासाने बदलावं, कारण काळोखात लाटा दिसत नाहीत, त्या पायांनी ओळखाव्या लागतात आणि त्यात माणूस लवकर थकतो. बाहेर येणाऱ्याने केबिनच्या दारातच कमरेचा पट्टा नौकेच्या दोराला अडकवायचा. यात मैत्रीखातरही सूट नको. 6 नॉट वेगाने नौका मिनिटाला 185 मीटर पुढे जाते, आणि दोन मीटरच्या लाटांमध्ये पाण्यातलं डोकं त्याआधीच दिसेनासं होतं.

पहाटेच्या सुमारास, थंडीने आणि ओकाऱ्यांनी सगळे बेजार झाले की कुणीतरी म्हणतंच, ‘अरे, किनाऱ्याला लागू या.’ जयगड किंवा रत्नागिरीच्या दीपस्तंभाचा झोत दिसत असतो, त्यामुळे बोलणं पटतंही. पण लहान नौकेला खवळलेल्या समुद्रापेक्षा खाडीचं तोंड अधिक घातक असतं. कोकणातल्या कित्येक खाड्यांच्या मुखाशी वाळूचा उंचवटा असतो. उथळ पाण्यात लाटेचा पाय तळाला अडतो, ती उंचावते आणि पाण्याची खोली तिच्या उंचीच्या साधारण सव्वापट उरली की फुटते. त्यात ओहोटी असेल तर बाहेर धावणारं पाणी येणाऱ्या लाटांना आणखी उभं करतं. खोल पाण्यातली दोन मीटरची लांबट लाट नौकेला उचलून पुढे निघून जाते. फुटणारी लाट नौका आडवी पाडते.

म्हणून विसावा हवा असेल तर तो बाहेरच घ्यावा. पुढचं लहान शीड वाऱ्याच्या बाजूला ताणून ठेवायचं आणि सुकाणू नौकेचं तोंड वाऱ्याकडे वळेल असं बांधायचं. शीड नाळ, म्हणजे नौकेचं पुढचं टोक, एकीकडे ढकलतं, सुकाणू दुसरीकडे; नौका जवळपास थबकते आणि वाऱ्याला तिरकी राहून ताशी दीड-दोन मैलांनी वाहत जाते. आदळआपट इतकी कमी होते की चहा करता येतो. मात्र वायव्येचा वारा तिरका किनाऱ्याकडेच ढकलतो, म्हणून संध्याकाळीच 15 सागरी मैलांचं अंतर राखलेलं असावं. मासेमारीच्या होड्यांचे दिवे आणि जाळ्यांवरचे तरंगते बोये यांच्यासाठी एकाने जागं राहायलाच हवं. सोबत व्हीएचएफ रेडिओ चॅनल 16 वर चालू ठेवायचा; तटरक्षक दल त्याच वाहिनीवर कान देऊन असतं.

आत शिरायचं ते दिवस उजाडल्यावर, भरती अर्धीअधिक झाल्यावर. आधी बाहेरच थांबून गावातल्या होड्या कुठल्या वाटेने ये-जा करतात ते पाहावं. वाळूचा उंचवटा दर पावसाळ्यात सरकतो, नकाशा जुना असू शकतो; तिथल्या नाखव्याला मात्र यंदाची वाट ठाऊक असते.