माईक हातात आला, आता पुढे काय?

"येशील ना? काही विशेष नाही गं, स्टेजवर बसायचं आणि दोन शब्द बोलायचे."

आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सव मंडळाच्या सेक्रेटरी काकांचा असा फोन ऑगस्ट २०२५ मध्ये हॉस्टेलवर आला आणि मी लगेच 'हो' म्हटलं. विषय होता 'गणेशमूर्ती : प्लास्टर की शाडू?' परिसंवादात तीन वक्ते : एक मूर्तिकार, नगरपालिकेचे एक अधिकारी आणि 'तरुण पिढीचा प्रतिनिधी' म्हणून अस्मादिक. रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर सूत्रसंचालक. रेक्टर मॅडमकडून लेट पास घेतला, इंटरनेटवरून सात पानं उतरवली, पंधरा मिनिटांचं भाषण पाठ केलं. रूममेटला तीनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ती झोपली, तेव्हाच मला शंका यायला हवी होती!

त्या संध्याकाळी जे शिकले ते सगळ्यांच्या उपयोगाचं आहे, म्हणून हा लेख. कारण आज ना उद्या आपल्यापैकी प्रत्येकाला पॅनेलवर बसावं लागणार. टेक-फेस्टमध्ये, इंजिनिअर्स डेला, पुढे कंपनीच्या सेमिनारमध्ये, नाहीतर गावच्या मंडळात.

जीडी नव्हे आणि डिबेटही नव्हे

आपल्याला दोनच प्रकार ठाऊक असतात. एक म्हणजे वादविवाद स्पर्धा. त्यात बाजू आधीच ठरलेली, समोरच्याला पाडायचं आणि करंडक न्यायचा. दुसरा प्लेसमेंटचा जीडी. आठ-दहा जण, दहा-पंधरा मिनिटं, आणि जो आधी ओरडेल त्याचा मासळी बाजार. दोन्हीकडे आपण बोलतो ते परीक्षकासाठी.

परिसंवादात परीक्षक नसतो, समोर श्रोते असतात. वक्ते वेगवेगळे बोलावतात कारण एकाच प्रश्नाचे वेगवेगळे तुकडे त्यांच्यापाशी असतात. मूर्तिकाराला हाताचं ज्ञान, अधिकाऱ्याला नियम आणि बजेट, मला (असं समजलं जात होतं की) शास्त्र. हे तुकडे स्टेजवर जोडले गेले तर परिसंवाद झाला. नाहीतर ती तीन छोटी भाषणं आणि एक मोठा चहा.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये सुरू झाली. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिलं, त्यातही व्याख्यानं होतीच. साहित्य संमेलनात तर परिसंवाद नाही असं होत नाही. म्हणजे ऐकणाऱ्यांना सवय आहे. सवय नाही ती आपल्यालाच!

घड्याळाचं गणित

कार्यक्रम साडेसातचा आणि साडेआठला आरती. आरती कुणासाठी थांबत नाही, म्हणजे हाती साठ मिनिटं. त्यातून स्वागत, परिचय, शाल-श्रीफळ यांची दहा वजा करा. श्रोत्यांच्या प्रश्नांची पंधरा वजा करा. सूत्रसंचालकाची स्वतःची पाच. उरली तीस. वक्ते तीन, म्हणजे प्रत्येकी दहा मिनिटं. तीही सलग नाहीत! तीन-चार फेऱ्यांत वाटलेली, एका वेळी अडीच-तीन मिनिटं. आणि मी पंधरा मिनिटांचं भाषण घेऊन बसलेली.

हे गणित घरीच करावं. आयोजकांना आधी विचारावं : वक्ते किती, वेळ किती, सुरुवातीला मांडणी करायची आहे की थेट प्रश्न, श्रोते कोण, भाषा कोणती? हे विचारण्यात कमीपणा काही नाही. मग तीनच मुद्दे काढावेत. प्रत्येक मुद्द्याला एक आकडा किंवा एक उदाहरण. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावलं पाहिजे. मावलं नाही तर मुद्दे जास्त झाले असं समजावं.

विद्राव्यता म्हणजे काय गं बाई?

माझी पाळी आली. मी झोकात सुरुवात केली, "जिप्समची सॉल्युबिलिटी फारच लो असते..." पहिल्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला विचारलं, "काय असते?" मी सुधारून 'विद्राव्यता' म्हटलं. (शब्द आदल्या रात्रीच शोधला होता. कॉन्व्हेंटचे उपकार!) आजींचा चेहरा आणखीच पडला.

सरांनी मला तिथे वाचवलं. म्हणाले, "साखरेशी तुलना करून सांगता येईल का?" आणि मला एकदम सुचलं. एक लिटर पाण्यात साखर जवळजवळ दोन किलो विरघळते. प्लास्टरची मूर्ती वाळली की ती असते जिप्सम, आणि ते एक लिटरात फार तर दोन-अडीच ग्रॅम. म्हणजे दोनशे लिटरचं पिंप घेतलं तरी जेमतेम अर्धा किलो विरघळणार, तेही सावकाश. दहा किलोची मूर्ती पुरती विरघळायला निदान चार हजार लिटर पाणी हवं. आता आजी मान डोलवायला लागल्या.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने (एनसीएल) काढलेला उपायही मग सोपा करून सांगता आला. पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घातलं की प्लास्टरचं रूपांतर कॅल्शियम कार्बोनेटमध्ये होतं, म्हणजे साधारण खडूसारखा गाळ खाली बसतो. वर राहतं अमोनियम सल्फेटचं पाणी, जे खत म्हणून वापरता येतं.

धडा असा : आकडा द्यायचाच, पण ऐकणाऱ्याच्या घरातल्या वस्तूशेजारी ठेवून द्यायचा. इंजिनिअरांच्या सभेत 'ग्रॅम पर लिटर' चालेल, मंडळात साखर.

आणि मग मी आपटले

या यशाने चढून मी ठोकून दिलं, "मुळात पीओपीवर बंदीच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्येच सांगितलंय." टाळ्या पडल्या. मूर्तिकार काकांनी माईक घेतला. आवाज अजिबात चढवला नाही.

"ताई, २०२० चं बरोबर आहे. पण आत्ता जूनमध्ये हायकोर्टात काय झालं ते वाचलंत का?"

मी वाचलं नव्हतं. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती बनवायला मोकळीक दिली होती. नैसर्गिक पाण्यात परवानगीशिवाय विसर्जन करायचं नाही, हे मात्र कायम होतं. माझ्या सात पानांत हे कुठेच नव्हतं, कारण मी पहिली सापडतील तीच पानं उतरवली होती. ज्याचं पोट त्या बातमीवर होतं त्याने ती वाचली होती.

काका पुढे म्हणाले, "शाडू मला नको आहे असं नाही. पण माती गुजरातहून येते, मूर्ती जड होते, नेताना तडा जातो, आणि ऐन पावसात वाळवायला जागा नाही. ऑर्डर मी सहा महिने आधी घेतो. तुम्ही बंदी सांगता, वाळवायची जागा कुणी सांगत नाही."

मांडवात शांतता. आता काय करायचं? माझ्याकडे दोन रस्ते होते. 'पण पर्यावरण...' म्हणून किल्ला लढवायचा, किंवा चूक मान्य करायची. डिबेटमध्ये पहिला रस्ता धरतात. मी कसंबसं म्हटलं, "काका, जूनचा निकाल मला माहीत नव्हता. माझं वाक्य मी मागे घेते. वाळवायला साधारण किती जागा लागते?" खरं सांगते, संध्याकाळभरात माझं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं. कारण त्यानंतर काका मोकळेपणी बोलले आणि मुद्दा 'प्लास्टर की शाडू'वरून 'शेड कुठे' यावर आला.

म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. कायदा किंवा नियम सांगताना तारीख बघा, आणि त्यानंतर काही बदललं का तेही बघा. दुसऱ्याचं बोलणं चालू असताना आपलं पुढचं वाक्य जुळवत बसू नका, ऐका. आणि चुकलं तर एका वाक्यात कबूल करा, पाच वाक्यांत नको.

माईकचं थोडं शास्त्र

इंजिनिअर असून आपण माईकशी फार वाईट वागतो. तोंडापासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. म्हणून माईक बोटभर-चार बोटं अंतरावर एकाच जागी धरा, हातवारे दुसऱ्या हाताने करा. 'कुँईऽऽ' अशी शिट्टी येते कारण स्पीकरचा आवाज माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर येतो आणि हे चक्र चालू राहतं. तेव्हा स्पीकरच्या समोर उभं राहू नका. गायकांसारखी माईकची जाळी मुठीत धरू नका. त्याने माईकची एकाच दिशेचं ऐकण्याची शक्ती जाते आणि शिट्टी वाढते. आणि 'हॅलो हॅलो, टेस्टिंग' कार्यक्रमाच्या आधी.

सूत्रसंचालकाच्या खुर्चीवरून

पुढे १५ सप्टेंबरला, म्हणजे सर विश्वेश्वरय्यांच्या जयंतीला, कॉलेजातल्या इंजिनिअर्स डेच्या पॅनेलचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. माजी विद्यार्थी वक्ते, विषय 'आधी नोकरी की आधी एमटेक'. तिथे कळलं की वक्त्यापेक्षा हे काम कठीण. प्रश्न एका दमात एकच विचारावा. आधी नाव घ्यावं, मग प्रश्न, म्हणजे तो माणूस सावध होतो. लांबण लावणाऱ्याला वाक्याच्या शेवटी, श्वास घेताना गाठावं : "सर, हा मुद्दा महत्त्वाचा, यावर मॅडमना विचारू या." श्रोत्यांपैकी कुणी प्रश्नाऐवजी भाषण सुरू केलं तर "म्हणजे तुमचा प्रश्न असा आहे का, की..." म्हणून आपणच प्रश्न करून द्यावा. आणि शेवटी 'सर्वांचे आभार' याआधी दोन वाक्यांत सांगावं की काय ठरलं आणि काय राहिलं.

हे मी त्या निवृत्त सरांकडून उचललं. मंडळात शेडचा विषय निघाल्यावर अधिकारी म्हणाले होते, "अर्ज द्या, बघू." आपण सगळे तिथे टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. सरांनी शांतपणे विचारलं, "कधीपर्यंत?" दोनशे लोकांसमोर त्यांना महिना सांगावाच लागला : दिवाळीनंतर, नोव्हेंबरात. माझ्या सात पानांपेक्षा तो एक शब्द भारी होता.

अर्ज काकांच्या वतीने मी लिहून दिला. मराठीत! ऱ्हस्व-दीर्घ मात्र काकांनी तपासलं. बारा चुका निघाल्या.