आलेखासाठी अ‍ॅरेमधील अ‍ॅरे

आलेखासाठी संगणकाला माहिती कोष्टकाच्या रूपात द्यावी लागते. जावास्क्रिप्टमध्ये कोष्टकाची प्रत्येक ओळ हा एक अ‍ॅरे असतो. अशा सर्व ओळी एका बाह्य अ‍ॅरेमध्ये ठेवतात. वऱ्हाडातील दोन जिल्ह्यांची जनगणनेनुसार लोकसंख्या पाहा :

[['जिल्हा', '२००१', '२०११'],
['अमरावती', २६०७१६०, २८८८४४५],
['अकोला', १६३०२३९, १८१३९०६]]

(प्रत्यक्ष आज्ञावलीत संख्या इंग्रजी अंकांत लिहाव्यात.)

येथे स्थानावरून अर्थ ठरतो. मोजणी शून्यापासून होत असल्याने बाह्य क्रमांक २ आणि आतील क्रमांक २ या स्थानी अकोल्याची २०११ ची लोकसंख्या मिळते.

आपण सवयीने १६,३०,२३९ असे लिहितो. अ‍ॅरेमध्ये मात्र स्वल्पविराम दोन घटक वेगळे करतो. त्यामुळे एका संख्येचे तीन घटक होतात आणि अकोल्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६, तर २०११ मध्ये ३० ठरते! अ‍ॅरे तयार होताना संगणक ही चूक दाखवत नाही. म्हणून आलेख काढण्यापूर्वी प्रत्येक ओळीतील घटक मोजावेत. वरील उदाहरणात ते तीनच असले पाहिजेत.