टॅक्सीचालकाचं लायसन्स कधी जातं, कोण काढून घेतं

दादर स्टेशनबाहेर रात्री उशिरा कुणी टॅक्सीच्या खिडकीशी वाकून ‘परळ?’ असं विचारतं. चालक नुसती मान हलवून नाही म्हणतो, कारण त्याला लांबचं भाडं हवं असतं. प्रवासी चडफडत पुढच्या गाडीकडे वळतो. तक्रार करून काय होणार, फार तर किरकोळ दंड भरून हा मोकळा होईल, असं त्याला वाटतं. बहुतेकांना तसंच वाटतं, आणि नेमकं तेच खरं नाही.

भाडं नाकारल्याबद्दलचा दंड मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १७८ मध्ये आहे. पण त्याच कायद्याचं कलम १९ वेगळाच प्रश्न विचारतं: या माणसाच्या हाती लायसन्स राहू द्यावं का? चालकाचं कोणतं वागणं लोकांना उपद्रव किंवा धोका समजायचं, याची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम २१ मध्ये दिली आहे. प्रवाशाला मारहाण, त्याचं अपहरण, सामानाची चोरी आणि दारू पिऊन गाडी चालवणं त्यात आहेच. शिवाय अंतर कितीही कमी असलं तरी पहिलं आलेलं भाडं न घेणं, ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे मागणं, कारण नसताना लांबच्या रस्त्याने फिरवून नेणं, प्रवाशाशी उद्धटपणे वागणं आणि गाडी चालवताना मोबाइल वापरणं हेही त्याच यादीत आहे. परळचं भाडं नाकारल्यावर लगेच लायसन्स जातं असा याचा अर्थ नव्हे. पण असं वारंवार घडत असेल आणि त्याची नोंद होत असेल, तर लायसन्स देणाऱ्या अधिकाऱ्याला त्यावर कारवाई करता येते. नोंदच नसेल तर त्याचे हात बांधलेले राहतात.

पोलिसांनी लायसन्स काढून घेतलं की ते रद्द झालं, असंही सर्रास समजलं जातं. प्रत्यक्षात २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम २०६ नुसार दारू पिऊन किंवा धोकादायक पद्धतीने गाडी चालवणं, वेगमर्यादा मोडणं अशा ठरावीक गुन्ह्यांत पोलीस लायसन्स ताब्यात घेतात आणि लायसन्स देणाऱ्या प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्याकडे आरटीओकडे, पाठवतात. निर्णय तिथे होतो. पहिल्या वेळी तीन महिने अपात्रता आणि पुन्हा तोच प्रकार घडला तर लायसन्स रद्द, अशी तरतूद आहे. चालकाचं म्हणणं पटलं तर त्याला सोडूनही देता येतं.

सगळ्यात खोलवर रुजलेला समज कोर्टाबद्दलचा आहे. ‘शिक्षा होईपर्यंत लायसन्सला हात लावता येत नाही’ असं चालक सांगतात आणि प्रवासीही ते मान्य करतात. कायद्याने इथे दोन वेगळ्या वाटा ठेवल्या आहेत. गुन्हा सिद्ध झाल्यावर कोर्ट स्वतः कलम २० खाली चालकाला अपात्र ठरवू शकतं. कलम १९ ची वाट मात्र कोर्टातून जात नाही. दखलपात्र गुन्ह्यात मोटार वापरली आहे किंवा आधीच्या वागण्यावरून याचं गाडी चालवणं लोकांना धोक्याचं आहे, एवढी प्राधिकरणाची खात्री पटली तरी पुरतं. आधी शिक्षा झालेली असावी, अशी अट त्या शब्दांत नाही. कलम २१ तर आणखी पुढे जातं. धोकादायक ड्रायव्हिंगसाठी पूर्वी शिक्षा झालेल्या चालकावर, पुन्हा तसंच चालवून कुणाचा जीव घेतल्याचा किंवा कुणाला गंभीर जखमी केल्याचा गुन्हा नोंदला गेला, की त्याचं लायसन्स सहा महिन्यांसाठी निलंबित होतं. त्याआधी तो निर्दोष सुटला, तर निलंबन तिथेच संपतं.

हा फरक इंग्लंडमध्ये जास्त स्पष्टपणे मांडला गेला आहे. तिथे टॅक्सीचालकाला स्थानिक कौन्सिल परवाना देते आणि तो ‘लायक व योग्य’ माणूस आहे का, हे तिलाच ठरवावं लागतं. लैंगिक हल्ल्याच्या आरोपात दोषी न ठरलेल्या एका माणसाला रशक्लिफच्या कौन्सिलने परवाना नाकारला. १९९८ मध्ये हायकोर्टाने तो निर्णय उचलून धरला. फौजदारी खटल्यात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. परवाना देताना समोरच्या माहितीवरून प्रवाशाला धोका संभवतो का, एवढंच पाहायचं असतं. २०२० च्या तिथल्या सरकारी निकषांत अधिकाऱ्याने स्वतःला विचारायचा प्रश्नच घालून दिला आहे: आपल्या जिवाभावाच्या माणसाला दिवसा किंवा रात्री, कधीही, या चालकाच्या गाडीत एकटं बसू द्याल का? आरटीओच्या टेबलावरही हाच प्रश्न असायला हवा.

तो कुणीच विचारला नाही तर काय होतं, हे डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत दिसलं. ॲपवरून बोलावलेल्या टॅक्सीत एका तरुणीवर बलात्कार झाला. चालक आधीच्या एका बलात्काराच्या खटल्यातून निर्दोष सुटलेला होता, आणि त्याचा चारित्र्याचा दाखला बनावट असल्याचं पोलिसांच्या तपासात निघालं. २०१५ मध्ये त्याला जन्मठेप झाली. पण त्या रात्रीच्या आधी त्याची पार्श्वभूमी कुणी नीट तपासली होती का, याचं समाधानकारक उत्तर कुणाकडेच नव्हतं. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने ॲप कंपन्यांनाच परवान्याच्या चौकटीत आणलं. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये चालकाची पोलीस पडताळणी आली, आणि नशेत गाडी चालवण्यासारख्या गुन्ह्यांत मागच्या सात वर्षांत शिक्षा झालेली नसावी अशी अटही आली.

‘ॲपवर तक्रार केली, त्याला ब्लॉक केलं, संपलं’ हा समजही इथेच तपासावा. ब्लॉक करणं हा कंपनीचा निर्णय असतो. लायसन्स चालकाच्या खिशात तसंच राहतं. घडलेला प्रकार गंभीर असेल तर तक्रार पोलिसांकडे आणि आरटीओकडेही जायला हवी.

ती करताना आणखी एक घोळ होतो. लायसन्स, बॅज आणि परमिट यांना लोक एकच समजतात. लायसन्स आणि बॅज गाडी चालवणाऱ्या माणसाचे असतात. परमिट असतं गाडीसाठी, परमिटधारकाच्या नावावर, आणि त्याच्यावरची कारवाई कलम ८६ खाली होते. मुंबईत एकच काळी-पिवळी दिवसा एक जण आणि रात्री दुसरा चालवतो. नुसता गाडीचा नंबर दिला तर नोटीस मालकाला जाते, आणि स्टिअरिंगवर नेमकं कोण होतं यावर वाद सुरू होतो. म्हणून नंबरासोबत तारीख, वेळ, ठिकाण आणि दिसला तर बॅज नंबर टिपून घ्यावा. मालक-चालकाचा शर्ट पांढरा आणि दुसऱ्याची गाडी चालवणाऱ्याचा खाकी, ही जुनी खूणही उपयोगी पडते.

एका तक्रारीने माणूस आयुष्यातून उठतो, ही चालकांची भीती समजण्यासारखी आहे. गाडीचे हप्ते आणि घरखर्च त्याच लायसन्सवर चालतात. म्हणूनच त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय कलम १९ खाली आदेश काढता येत नाही. कारणं लेखी द्यावी लागतात. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. सगळी वाहनं बंद करणं हा एकच पर्यायही नसतो. ठरावीक प्रकारच्या वाहनांपुरती, ठरावीक मुदतीची अपात्रता लादता येते. म्हणजे टॅक्सी बंद, पण स्वतःची मोटारसायकल चालू, असं होऊ शकतं. सुनावणीची नोटीस आली की अनेक जण ती बाजूला टाकतात. स्वतःची बाजू मांडायची हक्काची जागा ते असे हातची घालवतात.

मुदत संपली की लायसन्स आपोआप हाती पडतं, हेही आता खरं राहिलेलं नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अपात्र ठरलेल्या चालकाला आधी उजळणी प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं, आणि त्यानंतरच जमा केलेलं लायसन्स परत मिळतं.