सात विमानांचे बेट

डिसेंबर २००५ मध्ये ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विमानतळावर एका बोइंग ७३७ विमानाची जप्ती झाली. कर्जाचे हप्ते थकले की विमान ताब्यात घेतले जाणे, ही हवाई वाहतुकीच्या व्यवसायात नवलाची गोष्ट नव्हे. परंतु हे विमान एखाद्या मोठ्या कंपनीच्या ताफ्यातील अनेकांपैकी एक नव्हते. प्रशांत महासागरातील नाउरू या चिमुकल्या प्रजासत्ताकाकडे तेव्हा उरलेले ते एकमेव विमान होते. ते गेले आणि एका सार्वभौम राष्ट्राचा बाहेरच्या जगाशी असलेला नियमित हवाई संपर्कच तुटला. विशेष म्हणजे, त्याआधी अवघ्या दोन दशकांपूर्वी याच देशाच्या ताफ्यात सात जेट विमाने होती आणि देशाची लोकसंख्या होती सुमारे आठ हजार. सारी विमाने एकाच वेळी भरली असती, तर राष्ट्रातील दर दहा माणसांपैकी एक माणूस आकाशात असता.

या विरोधाभासाकडे अनेकदा चेष्टेचा विषय म्हणून पाहिले गेले. तथापि ‘एअर नाउरू’चा इतिहास बारकाईने पाहिला, तर त्यात केवळ उधळपट्टीची कहाणी दिसत नाही. लहान देशाला स्वतःचे विमान का लागते आणि त्याचे पैसे कोण देतो, या दोन प्रश्नांची उत्तरे त्यात दडलेली आहेत.

बंदर नसलेले बेट

नाउरूचे क्षेत्रफळ अवघे २१ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या विमानतळाच्या जेमतेम तिप्पट. विषुववृत्तापासून थोडेसे दक्षिणेला असलेल्या या बेटाचा सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटरवरचे बनाबा बेट. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन शहर तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर. बेटाभोवती प्रवाळांची कड आहे आणि तिच्यापुढे समुद्र एकदम खोल होतो. त्यामुळे मोठी जहाजे धक्क्याला लागतील असे नैसर्गिक बंदर येथे नाही. जहाजे किनाऱ्यापासून दूर उभी करायची आणि माल सपाट होड्यांतून आणायचा, अशी रीत येथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. समुद्र खवळला की तेही बंद.

अशा ठिकाणी धावपट्टीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. ही धावपट्टीही नाउरूला युद्धाने दिली. १९४२ मध्ये जपानने बेट जिंकले आणि सक्तीच्या मजुरीवर यारेन भागात विमानतळ बांधला. १९४३ मध्ये सुमारे बाराशे नाउरूवासीयांना जपानी सैन्याने दूरच्या त्रुक बेटांवर नेले. उपासमार आणि रोगराईतून वाचून ३१ जानेवारी १९४६ रोजी मायभूमीवर परतले ते ७३७ जण. या स्मृतीला मान देऊनच पुढे स्वातंत्र्यासाठी ३१ जानेवारी १९६८ हा दिवस निवडण्यात आला. आजही किनाऱ्याच्या बेटवळणी रस्त्यालगतच ही धावपट्टी आहे आणि विमानाची ये-जा असली की रस्त्यावरची वाहने थांबवली जातात.

खतातून आलेले पंख

नाउरूच्या श्रीमंतीचा उगम शेतकऱ्यांच्या परिचयाच्या वस्तूत आहे. सुपर फॉस्फेट खतासाठी लागणारा उत्तम प्रतीचा फॉस्फेटयुक्त दगड या बेटाच्या पोटात होता. १९०० मध्ये त्याचा शोध लागला आणि त्या दशकातच उत्खनन सुरू झाले. प्रथम जर्मनी आणि पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड यांच्या संयुक्त अंमलाखाली हा दगड जहाजे भरभरून बाहेर गेला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडची कुरणे त्यावर हिरवी झाली. नाउरूवासीयांच्या वाट्याला मात्र नाममात्र स्वामित्वधन आले.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डीरोबर्ट यांच्या नेतृत्वाखाली देशाने खाणींचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७० मध्ये नाउरू फॉस्फेट महामंडळाने कारभार हाती घेतला. त्याच वर्षी एअर नाउरूची सेवा सुरू झाली, हा योगायोग नव्हे. खाणीचा पैसा आपला झाला, तेव्हा पहिली गरज होती ती स्वतःच्या मर्जीने बाहेर पडण्याची.

सुरुवात अत्यंत माफक होती. दसाँ कंपनीचे फाल्कन २० हे उद्योगपतींच्या वापराचे छोटे जेट विमान ब्रिस्बेनच्या मार्गावर उडू लागले. मोजक्याच प्रवाशांची सोय करणारे हे विमान त्या वेळच्या नाउरूला साजेसे होते. नंतर फोकर एफ-२८ हे अधिक क्षमतेचे विमान आले. सत्तरच्या दशकाच्या मध्यास फॉस्फेटचे भाव कडाडले आणि नाउरूची दरडोई उत्पन्नाच्या बाबतीत जगातील सर्वांत संपन्न देशांत गणना होऊ लागली. मेलबर्नमध्ये १९७७ साली ‘नाउरू हाउस’ ही ५२ मजली इमारत उभी राहिली आणि ताफ्यात बोइंग ७३७ व बोइंग ७२७ विमाने दाखल झाली.

रिकाम्या खुर्च्यांचे गणित

१९८० च्या दशकाच्या आरंभी सात विमाने असलेल्या एअर नाउरूचे जाळे थक्क करणारे होते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडपासून हाँगकाँग, मनिला, जपान आणि हवाईपर्यंत तिची विमाने जात. मधल्या वाटेवर फिजी, सामोआ, सॉलोमन बेटे, किरिबाटी, ग्वाम अशी बेटे जोडली जात. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाण्यासाठी सिडनी किंवा होनोलुलूचा प्रचंड वळसा घालावा लागणाऱ्या प्रदेशात ही मोठी सोय होती. नाउरू हे प्रशांत महासागरातील बेटांचे जंक्शन व्हावे, अशी त्यामागची कल्पना होती आणि नकाशा पाहिला तर ती वेडगळ वाटत नाही.

प्रश्न प्रवाशांचा होता. विमान कंपनीचा बराचसा खर्च विमान भरले की रिकामे राहिले यावर अवलंबून नसतो. इंधन, वैमानिकांचे पगार, विमानतळाचे शुल्क, विम्याचे हप्ते आणि देखभाल यांचा बोजा शंभर प्रवासी असोत वा वीस, जवळजवळ सारखाच पडतो. त्यात महासागरी मार्गांची वेगळी अट असते. उतरायचे ठिकाण ऐनवेळी बंद पडले, तर पर्यायी विमानतळ गाठता येईल किंवा काही काळ आकाशात घिरट्या घालता येतील एवढे जादा इंधन बरोबर न्यावे लागते. हे वजन वाहून नेण्यातही इंधन जळते. शिवाय मोठ्या दुरुस्तीसाठी प्रत्येक विमान परदेशी पाठवावे लागे. काही हजार लोकवस्तीच्या बेटांमध्ये शंभराहून अधिक आसनांची विमाने भरणे शक्यच नव्हते. अनेक फेऱ्यांमध्ये बहुसंख्य खुर्च्या रिकाम्या राहत आणि तोटा सरकारी तिजोरीतून भरला जाई. तिजोरीत भर पडत होती ती खाणीतून, आणि खाण दरवर्षी रिती होत होती.

म्हणूनच या ताफ्याचा विचार करताना तारतम्य हवे. फाल्कन २० ही चैन नव्हती. बंदर नसलेल्या देशाला रुग्ण, विद्यार्थी, औषधे आणि टपाल यांच्यासाठी विमान हवेच होते. त्यानंतरचे एखादे मोठे विमानही समर्थनीय ठरले असते. सातवे विमान मात्र गरजेतून आले नव्हते. फॉस्फेटचा पैसा कायम राहील, या समजुतीतून ते आले होते.

ताफा आटतो

१९८८ मध्ये वैमानिकांचा संप झाला आणि काही काळ उड्डाणे थांबली. त्यातून सावरताना सेवा आक्रसत गेली. विमाने एकामागून एक विकली गेली. नव्वदच्या दशकात ताफा अखेर एका बोइंग ७३७-४०० विमानावर आला. याच सुमारास देशाच्या गुंतवणुकीतील चुका आणि अपव्यय उघड होत होते. लंडनमध्ये १९९३ साली रंगभूमीवर आलेल्या आणि लवकरच बंद पडलेल्या एका संगीत नाटकातही नाउरूचा पैसा बुडाला. उत्खननाने झालेल्या हानीबद्दल नाउरूने आंतरराष्ट्रीय न्यायालयात ऑस्ट्रेलियाविरुद्ध दावा लावला होता. १९९३ मध्ये झालेल्या तडजोडीत नाउरूला १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर देण्याचे ठरले. परंतु बेटाच्या सुमारे चार पंचमांश भूभागावर तोपर्यंत खडकांचे ओसाड सुळके उरले होते आणि सहज काढता येण्याजोगा फॉस्फेट शतकअखेरीस संपत आला होता.

विमानाच्या शेपटीजवळची अक्षरेही या काळात बदलली. प्रत्येक देशाच्या विमानांना नोंदणीची स्वतंत्र आद्याक्षरे असतात. नाउरूची ‘सी-२’, तर ऑस्ट्रेलियाची ‘व्हीएच’. नव्वदच्या दशकापासून एअर नाउरूचे विमान ऑस्ट्रेलियाच्या नोंदणीखाली आणि तेथील नियामकाच्या देखरेखीखाली उडू लागले. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच होते. एका विमानासाठी स्वतंत्र तांत्रिक यंत्रणा चालवणे त्या देशाच्या आवाक्याबाहेरचे होते. परंतु विमानाची मालकी, नोंदणी आणि भवितव्य ही तीन सूत्रे एकाच हाती राहिली नाहीत.

एकाच विमानावर चालणारी कंपनी मुळातच ठिसूळ असते. ते दुरुस्तीला गेले की दुसरे भाड्याने घ्यावे लागते आणि बिघाड झाला की सारे वेळापत्रक कोसळते. त्यातच विमानासाठीचे कर्ज अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेकडे थकले. २००४ मध्ये ‘नाउरू हाउस’ कर्जापायी विकावे लागले होते. पुढच्याच वर्षी विमानाची पाळी आली. त्याचा फटका एकट्या नाउरूला बसला नाही. किरिबाटीची राजधानी तारावा हीसुद्धा बाहेरच्या जगाशी असलेल्या संपर्कासाठी याच विमानावर अवलंबून होती.

नवे विमान, नवे दाते

या वेळी तैवान मदतीला धावला. नाउरूने २००२ मध्ये तैवानला सोडून चीनशी राजनैतिक संबंध जोडले होते आणि मे २००५ मध्ये तो पुन्हा तैवानकडे वळला होता. तैवानच्या आर्थिक साहाय्याने बोइंग ७३७-३०० विमान घेण्यात आले आणि २००६ मध्ये सेवा पुन्हा सुरू झाली. कंपनीचे नाव ठेवले ‘आवर एअरलाइन’, म्हणजे ‘आपली विमानसेवा’. नावात देशाचा उल्लेख नव्हता. शेजारच्या बेटांनाही ती आपली वाटावी, असा त्यात भाव होता. २०१४ मध्ये तिचे ‘नाउरू एअरलाइन्स’ असे नामकरण झाले.

दुसऱ्या डावात ताफा वाढला, पण सावधपणे. त्याच जातीची आणखी काही विमाने घेण्यात आली, म्हणजे वैमानिकांचे प्रशिक्षण आणि सुटे भाग सामाईक राहिले. मालवाहू विमानही आले आणि नंतर ७३७-७०० या पुढच्या पिढीच्या विमानांची भर पडली. उत्पन्नासाठी केवळ नियमित प्रवाशांवर विसंबून न राहता विमाने भाड्याने देण्यावर भर देण्यात आला. या भाड्यामागेही एक कटू वास्तव आहे. ऑस्ट्रेलियाने समुद्रमार्गे येणाऱ्या आश्रयार्थींना २००१ पासून नाउरूवर ठेवण्यास सुरुवात केली. हे केंद्र २००८ मध्ये बंद झाले आणि २०१२ मध्ये पुन्हा उघडले. मानवी हक्क संघटनांनी ज्यावर कठोर टीका केली, त्या व्यवस्थेसाठी होणाऱ्या ये-जा आणि मालवाहतुकीने विमान कंपनीला काम पुरवले. करोनाच्या साथीत जगाची दारे बंद झाली, तेव्हा याच कंपनीच्या मोजक्या फेऱ्यांनी बेटाचा संपर्क टिकवला.

जानेवारी २०२४ मध्ये नाउरूने पुन्हा तैवानशी संबंध तोडून चीनला मान्यता दिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये ऑस्ट्रेलियाशी अर्थसाहाय्य आणि सुरक्षेविषयीचा करारही केला. बड्या देशांच्या स्पर्धेत आपले मोल ओळखून वागण्याची ही रीत काहींना संधिसाधूपणा वाटेल. मात्र एकमेव विमान गमावल्याचा अनुभव ज्या देशाच्या गाठीशी आहे, त्याला एकाच दात्यावर विसंबणे परवडणारे नाही, हेही समजून घ्यायला हवे.

सरकारी विमान कंपन्या विकून टाकाव्यात की चालवाव्यात, हा वाद जगभर चालतो. भारतातही एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली. भारतासारख्या देशात सरकार बाजूला झाले, तरी प्रवाशाला दुसरी विमाने मिळतात. काही हजार वस्तीच्या बेटावर तो पर्याय सहजी उपलब्ध नसतो. तेथे सरकारी विमानसेवा ही गावच्या एसटीसारखी असते. नफ्यातोट्याच्या हिशेबात ती बसत नाही आणि बंद पडली की गाव तुटते. नाउरूची चूक विमानसेवा काढण्यात नव्हती. फॉस्फेटचे साठे भरलेले असताना, त्या पहिल्या गरजेपुरत्या विमानाचा खर्च पुढच्या पिढ्यांनाही भागवता येईल अशी तरतूद राखली गेली नाही, ही ती चूक होती. तिची किंमत डिसेंबर २००५ मध्ये साऱ्या देशाने मोजली.